लपण वेगळं, आडोसा वेगळा

आमच्या घरमालकांकडे चहाला गेलं की ते ‘बसा’ म्हणायचे नाहीत. आधी दाराकडे बघायचे, मग तुमच्याकडे, आणि गंभीरपणे सांगायचे, “इथं नको. इथं तुम्ही मराल.”

मग पाहुण्याला उठवून दोन भिंतींच्या कोपऱ्यात नेऊन बसवायचे. तिथं पंख्याचा वारा येत नसे आणि बोलणाऱ्याचं तोंडही धड दिसत नसे, पण दारातून कुणी गोळी झाडली तर ती पाहुण्याला लागणार नाही, याची त्यांना खात्री होती. बोळिंजमध्ये चहा पिणाऱ्या माणसावर गोळी कोण झाडणार आणि कशासाठी, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, तशी मी वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ मुलाकडेही कधी टाकली नव्हती.

मी तेव्हा विरारच्या एका शाळेत सकाळच्या पाळीला शिकवत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बोळिंजला केळीच्या वाड्या शिल्लक होत्या आणि त्या वाड्यांच्या मधूनच इमारती वर यायला लागल्या होत्या. यांचं बैठं घर अर्नाळ्याच्या रस्त्याला लागून होतं. गच्चीवर काढलेली एक खोली मला भाड्यानं मिळाली. रिक्षावाल्याला ‘बंदूकवाल्यांचं घर’ एवढं सांगितलं की तो मुकाट्यानं आणून सोडायचा. घराला नाव होतं, दारावर पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

बंदूक खरी होती. एकनळी, बारा बोअरची. साताऱ्याकडे त्यांच्या वडिलांनी ती शेतातल्या रानडुकरांसाठी घेतली होती. वडील गेल्यावर परवाना यांच्या नावावर झाला, बंदूक विरारला आली आणि डुकरं साताऱ्यालाच राहिली. दर रविवारी सकाळी काका, म्हणजे आमचे घरमालक, व्हरांड्यात पाट मांडून बसायचे आणि नळीला तेल द्यायचे. हे काम घरात बसूनही होण्यासारखं होतं, पण मग ते रस्त्यावरून कसं दिसणार? काडतुसं मोजून चार होती आणि त्यातलं एकही त्यांनी कधी उडवलेलं नव्हतं.

आपण लष्करात होतो असं ते सांगत आणि ते खोटं नव्हतं. एका डेपोच्या भांडारात ते कारकून होते. घोंगड्या, बादल्या आणि तंबूचे खुंटे यांची नोंद ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पण निवृत्त झाल्यावर माणसाचा हुद्दा घरबसल्या वाढत जातो. “लढाईच्या वेळी आमच्याकडे...” अशी त्यांनी सुरुवात केली की आतल्या खोलीतून काकू म्हणायच्या, “बादल्या कमी पडल्या होत्या.”

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेर चिपळूणकडचं. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ते नीट जुळलंच नाही, त्यामुळे त्या कायमच्या पलंगावर होत्या. कमरेखालचं सगळं थांबलं होतं. जिभेचं मात्र काही बिघडलं नव्हतं. त्यांचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला होता आणि त्या खिडकीत त्यांचा सगळा संसार चालायचा. कोण कुठं निघालं, कुणाच्या हातात कसली पिशवी आहे, कुणाची सून माहेरी चालली, सगळं त्यांना तिथून कळायचं. अर्नाळ्याची एक मासळीवाली मावशी रोज खिडकीशी टोपली उतरवायची. घासाघीस अर्धा तास चालायची आणि शेवटी काकू चार बोंबील घ्यायच्या. बोंबील हे निमित्त होतं.

माझ्या पहिल्या सहा महिन्यांत ती खिडकी उघडी होती. मग चड्डीबनियनवाल्या दरोडेखोरांची आवई उठली. आज अमक्या इमारतीत आले, काल तमक्या चाळीत येऊन गेले, असं जो तो सांगायचा आणि प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस भेटायचा नाही. बाकीच्यांनी दारांना जास्तीची कडी लावली आणि झोपले. काकांनी वही काढली.

वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. एकाच्या डोक्यावर ‘लपण’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘आडोसा’. हा फरक ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत. “बाई, लपण चोराच्या नजरेपासून वाचवतं. आडोसा गोळीपासून वाचवतो. माणसं मरतात ती लपणाला आडोसा समजल्यामुळे. पडद्यामागं उभे राहिलात तर चोराला दिसणार नाही, पण त्यानं पडद्यावर झाडली तर? पडदा हे लपण. सोफा हेसुद्धा लपणच, आत नुसता काथ्या. भिंत मात्र आडोसा.”

बोलणं बिनतोड होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. भानगड पुढे होती. घरातल्या कुठल्या वस्तूतून गोळी आरपार जाते हे ठरवायचं, तर काडतूस खर्च करायला जीव होत नव्हता. म्हणून त्यांनी गोळीच्या जागी सहा इंची खिळा धरला. हातोडीच्या तीन ठोक्यांत खिळा आत गेला तर लपण, अडला तर आडोसा. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाला, दिवाणाला, देव्हाऱ्याच्या फळीला, तांदळाच्या डब्याला आणि माझ्या ट्रंकेला भोकं पडली. ट्रंक लपण ठरली. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी माझं अभिनंदन केलं. “आत्ताच कळलं ते बरं झालं,” म्हणाले.

मग दिवाणखान्यात रेतीच्या गोण्या आल्या. दारासमोर छातीइतक्या उंचीची थप्पी रचली. ती त्यांची स्वतःची जागा, कारण बंदूक तेच चालवणार. माझी जागा स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली. ओटा कडप्प्याचा, खिळा एक सूतही आत गेला नाही. ओट्याखाली माझ्या शेजारी गॅसचा सिलिंडर होता, ही गोष्ट मी त्यांच्या नजरेस आणली. त्यांनी विचार केला आणि सिलिंडरच्या पुढे एक पाटा उभा केला.

रविवारी दहा वाजता कवायत असायची. कवायतीला वेळ ठरलेली होती खरी, पण दरोडा वेळ सांगून येत नाही म्हणून ते अधूनमधून कधीही “आडोसा!” असं ओरडायचे. मी दूध घ्यायला खाली आलेली असायचे आणि पातेलं टाकून ओट्याखाली पळायचे. विजेचं मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला त्यांनी दाराबाहेर दोन्ही हात वर करायला लावून ओळख विचारली. तो पुन्हा फिरकला नाही. वर्षभर आमचं बिल अंदाजानं येत राहिलं.

आणि काकू? त्यांना पळता येत नव्हतं, म्हणून आडोसाच त्यांच्याकडे आणायचं ठरलं. रस्ता ते पलंग सतरा पावलं आणि मध्ये नुसते खिडकीचे गज, असा हिशोब निघाला. घरातलं लोखंडी कपाट रिकामं करून ते पलंग आणि खिडकी यांच्या मधे उभं केलं. त्यात विटा आणि रद्दीचे गठ्ठे ठासून भरले, कुलूप लावलं. ते जागेवर ढकलायला चार माणसं लागली. खिडकी कपाटाच्या पाठीमागे गेली. खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागू लागला.

“मला गोळी लागून मरायची भीती नाही हो,” काकू म्हणाल्या. “कंटाळून मरायची आहे.”

“कंटाळ्यानं कुणी मरत नाही,” काका म्हणाले.

दीड वर्ष हेच भांडण रोज चाललं. काकूंनी रागावून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं, गोड बोलूनही पाहिलं. मासळीवाली मावशी पहिले काही दिवस दाराशी यायची. पण दोन कड्या निघेपर्यंत, हात वर करेपर्यंत आणि टोपलीवरचं फडकं बाजूला करून दाखवेपर्यंत तिचं गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. “माज्या टोपलीत काय बॉम हाय, बाबा?” असं एकदा ठणकावून ती जी गेली ती परत आली नाही. काकू भिंतीकडे तोंड करून पडायला लागल्या. शेजारच्या घरात बारसं झालं ते त्यांना दोन महिन्यांनी कळलं. मी शाळेतून आल्यावर त्यांच्यापाशी बसायचे आणि येताना रस्त्यावर काय काय दिसलं ते सांगायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच विचारायच्या, “साडी कुठली होती?” मला ते कधीच आठवायचं नाही. मला काकांचा संताप यायचा.

एकदा मी काकांना तोंडावर म्हटलं, “काका, दरोडेखोर यायचे तेव्हा येतील. काकूंना तुम्ही आजच कोंडलंय.” ते दाभणानं गोणी शिवत होते. हात थांबवून म्हणाले, “बाई, वेळ आली तर तुम्ही पळाल, मी पळेन. ती कुठं पळणार?” त्या दिवशी मला त्यांचं हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ लागलं.

त्यानंतर निवडणूक लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. शहाणा माणूस बंदूक गोणपाटात गुंडाळून रिक्षानं जाऊन देऊन येईल. काका इस्त्रीचे कपडे घालून, बंदूक उघडी खांद्यावर टाकून, भर बाजारातून चालत निघाले. आपल्याकडे बंदूक आहे हे यानिमित्तानं पंचक्रोशीला कळावं, हा हेतू. वाटेत जो विचारेल त्याला थांबून सांगत होते. केशकर्तनालय, चहाची टपरी, भाजीवाल्या, रिक्षास्टँड. “जमा करायला चाललोय. निकाल लागेपर्यंत सरकारकडे.” येताना त्याच सगळ्यांना पावती दाखवत आले. बंदूक आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ती आता घरात नाही हेसुद्धा कळलं. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, “दवंडी पिटवली असती तर पाय तरी दुखले नसते.”

आठ-दहा दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, दारावर टकटक झाली. मी काकूंपाशी पेपर वाचत बसले होते. बाहेरून आवाज आला, “मतदार यादी तपासायचीय.”

एरवी काकांनी हात वर करायला लावले असते. पण मागच्या यादीत काकूंच्या नावापुढे ‘पुरुष’ असं छापलं होतं आणि त्याविरुद्ध तीन पानी अर्ज त्यांनी लिहून तयार ठेवला होता. यादीवाल्यांची ते वाटच पाहत होते. त्यांनी दोन्ही कड्या काढल्या आणि अर्ज पुढे करून दार सताड उघडलं.

तिघे आत आले. एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याच्या हातात लोखंडी कांब, तिसऱ्याकडे मोठी रिकामी पिशवी. त्यानं दार लावून घेतलं.

“आडोसा!” काका ओरडले आणि त्या वयाच्या माणसाला न शोभणाऱ्या चपळाईनं गोण्यांच्या मागे गेले.

दोन वर्षं मी या सगळ्याची टिंगल केली होती. शाळेत शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून दाखवली होती. आणि त्या क्षणी माझं डोकं काही विचार करायच्या आत माझे पाय स्वयंपाकघरात गेले होते. मी ओट्याखाली, सिलिंडरला चिकटून, पाट्याच्या मागे बसले होते. काकू पलंगावर एकट्या राहिल्या. उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तिथंच राहा. हे लिहितानाही मला लाज वाटते.

तिकडे गोण्यांचं काय झालं ते मला नुसतं ऐकू आलं. चोरांकडे बंदूक नव्हती. रेतीच्या थप्पीमागे बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायला त्यांना थप्पीला वळसा घालून दोन पावलं चालावं लागलं, एवढंच. वहीत गोळीचा विचार होता. चालत येणाऱ्या माणसाचा नव्हता.

“काका, काय शोधताय? बंदूक?” कोयतेवाल्यानं विचारलं. “उठायचं नाय. आवाज नाय.”

दिवाणखान्यात दहा मिनिटं उचकापाचक झाली. एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक मिक्सर, याउप्पर काही सापडेना. मग दोघं आतल्या खोलीत आले आणि त्यांनी कपाट पाहिलं. आजारी बाईच्या पलंगाला लावून उभं केलेलं, कुलूप लावलेलं, ढकलून पाहिलं तर हलत नाही इतकं जड कपाट.

“चावी कुठंय?”

“त्यात काही नाही!” काका बाहेरून ओरडले. “विटा आहेत, विटा!”

जगातला कुठलाही चोर यावर विश्वास ठेवणार नाही. काकांचा आवाज चिरकला आणि त्यामुळे ते आणखीच खोटं वाटलं.

“त्यांचं काय ऐकता?” काकू शांतपणे म्हणाल्या. “सगळं त्यातच आहे. चावी ह्यांनी हरवलीय. पण पाठीमागचा पत्रा पातळ आहे. कपाट बाजूला घ्या आणि मागनं कापा.”

मला वाटलं, भीतीनं बाईंचा तोल गेला.

काकांना गोण्यांमागेच बसून राहायचा दम देऊन तिसराही आत आला. कांब खाली घालून, कण्हत, शिव्या देत तिघांनी ते कपाट रेटलं. इंचाइंचानं ते पायथ्याच्या भिंतीकडे सरकलं. पाठीमागे खिडकीच्या लाकडी झडपा दिसल्या, धुळीनं माखलेल्या.

“अंधारात बोटं कापून घ्याल,” काकू म्हणाल्या. “तेवढी झडप उघड, बाबा.”

आणि त्यानं उघडली. खरंच उघडली. खोलीभर ऊन पसरलं. काकूंनी डोळ्यांवर हात धरला आणि मग तो हळूहळू खाली घेतला. तिघे कपाटाच्या मागे वाकून पत्र्याला कोयता लावत होते आणि या बाई रस्त्याकडे बघत पडल्या होत्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी ओट्याखाली होते आणि माझं घड्याळ तेव्हा फार हळू चाललं होतं.

मग रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला. मासळीवाली मावशी रिकामी टोपली घेऊन विरारच्या बाजारातून परत निघाली होती.

“अगो बाय! खिरकी उघरली गो? कोनी उघरली?”

“ह्या तिघांनी,” काकू म्हणाल्या. “चोर आहेत गं. ओरड.”

मासळी बाजारात पन्नास बायांच्या वरचढ ओरडण्याचा सराव असलेला तो गळा होता. रिक्षास्टँड तिथून बराच लांब होता, तरी तिथली माणसं पळत आली. तिघे मागच्या दारानं केळीच्या वाडीत घुसले. घड्याळ घेऊन गेले, मिक्सर राहिला. कोयता कपाटाच्या पत्र्यात अडकलेला होता, तो पंचनाम्याला उपयोगी पडला.

पंचनामा करताना हवालदारांनी विचारलं, “तुमची बंदूक कुठं होती?”

“तुमच्याकडेच,” काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत काका सावरले. जो समाचाराला येईल त्याला ते सांगू लागले की शत्रूची सगळी ताकद कपाटावर खर्च करवायची, अशी मूळ योजना होती. त्यांनी वहीत नवं पान काढून त्यावर ‘फसवा आडोसा’ असा तिसरा रकाना केला. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना वेळ नव्हता. कोपऱ्यावरच्या घराला नवा रंग दिला होता आणि शेजारचं बारसं झालेलं मूल रांगायला लागलं होतं.

निकाल लागले, बंदूक परत आली आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी नाक्यावरून चार माणसं आणली. कपाट पुन्हा जागेवर लावायचं होतं. मी शाळेतून येऊन नुकती दारात पोहोचले होते. माणसांनी कपाटाला हात घातला तेव्हा काकू म्हणाल्या, “थांबा रे. आधी मला उचला.”

“तुला कुठं उचलायचं?” काका.

“बाहेर. रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवा. मग खुशाल लावा कपाट. खोलीत कुणी नसलं की कुणाला गोळी लागायची नाही.”

माणसं हात काढून उभी राहिली.

“तू समजून घे,” काका म्हणाले. “ह्या खेपेला त्यांच्याकडे बंदूक नव्हती. पुढच्या खेपेला असली तर? बाहेरून झाडली तर?”

“तर मरेन. पण सकाळपासून कोण कोण गेलं ते बघून मरेन.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे मदतीसाठी बघत होते. “राहू द्या, काका,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता तितका ठाम निघाला नाही.

त्यांनी त्या सतरा पावलांवरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग माणसांना म्हणाले, “दिवाणखान्यात नेऊन ठेवा.” कपाट खरडत बाहेर गेलं. जाताना त्यानं चौकटीचा टवका काढला, पण काका तिकडे गेले नाहीत. खिडकीपाशी आले, रस्त्याकडे पाठ केली, हात मागे बांधले आणि पाय फाकवून ताठ उभे राहिले. अंगानं चांगले रुंद होते. खिडकी पार भरून गेली.

मला हसायचं होतं. जमलं नाही.

काकूंनी थोडा वेळ त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मग हात लांबवून त्यांचा सदरा ओढला.

“अहो, सरका,” त्या म्हणाल्या. “दिसत नाही मला.”

आणि ते सरकले.